धमनीचे आत्मकथन आणि झडपेचे मौन : हृदयरोगविषयक मराठी लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत आरोग्यविषयक पुस्तके विपुल आहेत. परंतु आजार हाच ज्यांचा विषय, आशय आणि काही अंशी नायकही आहे, अशी पुस्तके मोजकीच आहेत. त्यांत डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' (राजहंस प्रकाशन, २०००) हे पुस्तक अग्रभागी आहे. पाव शतक उलटून गेल्यावरही ते वाचले जाते आणि घरात कोणाला छातीत दुखू लागले की हमखास भेट दिले जाते. ग्रंथपालाने ते आरोग्याच्या कपाटात ठेवावे की आत्मचरित्राच्या, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने तो प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. आत्मकथनाला पुरावा लागत नाही, लागते ती प्रामाणिकता. आरोग्याच्या पुस्तकाला केवळ प्रामाणिकता पुरत नाही. हे पुस्तक दोन्ही कपाटांत बसते, यातच त्याचे यश आहे आणि त्याची मर्यादाही.

हृदयाचे दोन मोठे आजार मराठी समाजात शेजारी शेजारी नांदतात. एक हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा, दुसरा हृदयाच्या झडपांचा. पहिल्याला मराठीत वाङ्मय लाभले, दुसऱ्याला लाभले नाही. या विषमतेची कारणे शोधणे आणि वैद्यकीय संशोधनाच्या उजेडात धमनीविषयक लेखनाचे मूल्यमापन करणे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

'माझा', 'साक्षात्कारी' आणि 'हृदयरोग'

पुस्तकाचे शीर्षकच तपासण्याजोगे आहे. 'साक्षात्कार' हा शब्द संतपरंपरेतून येतो. तेथे तो ईश्वराच्या प्रत्यक्ष अनुभवासाठी वापरला जातो; येथे तो एका शारीरिक व्याधीचे विशेषण झाला आहे. रोग हा शत्रू न राहता गुरू होतो. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. संकटातून जाग येणे आणि त्या जागेपणी मागच्या आयुष्याचा हिशेब मांडणे, हा आपल्या आत्मपर अभंगांचा जुना घाट आहे. गांधीवादी ठाकुरदास आणि सुमन बंग यांच्या घरात वाढलेल्या लेखकाने तो घाट उचलावा, हे स्वाभाविक होते.

परंतु लेखक केवळ साधक नाही. नागपूरला वैद्यकाचे आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला, गडचिरोलीत १९८६ पासून 'सर्च' ही संस्था चालवणारा तो संशोधक आहे. नवजात बालकांच्या घरोघरच्या देखभालीवरील त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने अनेक देशांच्या आरोग्यधोरणांवर प्रभाव टाकला. अशा लेखकाला वयाच्या चाळिशीच्या मध्यावर, १९९५ मध्ये हृदयविकाराने गाठले. तेव्हा 'हा आजार मलाच का झाला' हा प्रश्न त्याने एकाच वेळी दोन भाषांत विचारला. एक भाषा कारणमीमांसेची आणि दुसरी आत्मपरीक्षणाची. आहार, व्यायाम, ताण, नाती आणि जगण्याचा अर्थ हे सारे एका ओळीत येऊन उभे राहते. मराठी गद्यात इतक्या सहजतेने रक्तातील चरबी आणि ध्यान एकत्र आलेली उदाहरणे फार नाहीत. या पुस्तकाचे ऐतिहासिक श्रेय येथे निःसंदिग्धपणे मान्य करावयास हवे. त्याने हजारो वाचकांना शरीराविषयी प्रश्न विचारण्याचे धैर्य दिले.

या सिद्धतेमागे अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांच्या संशोधनाचा मोठा आधार आहे. कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, योग व ध्यान आणि परस्परांना आधार देणारा गट या उपायांनी धमनीतील अडथळा मागे हटू शकतो, हे त्यांचे प्रतिपादन. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात एकूण ४८ रुग्ण होते. २८ प्रयोगगटात आणि २० नेहमीच्या उपचारांच्या गटात. वर्षभरानंतर प्रयोगगटातील धमन्यांचे सरासरी अरुंदपण ४०.० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आले, तर दुसऱ्या गटात ते ४२.७ वरून ४६.१ टक्क्यांवर गेले. १९९८ मध्ये पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा ४८ पैकी ३५ रुग्ण उरले होते. दिशा तीच राहिली.

हे आकडे बारकाईने वाचले पाहिजेत. धमनीच्या चित्रात फरक पडला तो सुमारे दोन टक्क्यांचा. परंतु प्रयोगगटातील रुग्णांच्या छातीत दुखण्याचे प्रमाण पहिल्याच वर्षी ९१ टक्क्यांनी घटले. धमनी फारशी उघडली नाही, पण माणसाला पुष्कळ बरे वाटू लागले. हे कसे घडले? स्नायूंची क्षमता वाढली असेल, धमनीचे अस्तर सुधारले असेल, मनाचा भार उतरला असेल, उपचाराबद्दलच्या विश्वासाचाही त्यात वाटा असेल. रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत हे ठाऊक होते, हे विसरून चालणार नाही. मराठी वाचकापर्यंत मात्र 'ब्लॉकेज विरघळते' एवढेच वाक्य पोहोचले. ते वाक्य पुस्तकापेक्षा पुस्तकाच्या कीर्तीने अधिक पोहोचवले, असे म्हणणे न्याय्य ठरेल. व्याख्याने, नियतकालिके आणि घरगुती सल्ले यांतून पुस्तकातील शंका गळत गेल्या आणि उपाय तेवढे उरले.

'तुंबलेला नळ' : एका प्रतिमेची चिकित्सा

धमनीविकाराबद्दल मराठी माणूस जे बोलतो ते बहुतांशी नळाच्या प्रतिमेत बोलतो. 'नस बंद झाली', 'ऐंशी टक्के ब्लॉकेज आहे', 'स्प्रिंग टाकली'. ज्या घरात पाइप तुंबला की तो मोकळा करतात, तेथे छातीतला पाइपही मोकळा करावा, हे सरळ वाटते. साहित्याच्या अभ्यासकाने येथे लक्ष घालावयास हवे, कारण ही प्रतिमा केवळ भाषेची नाही; तिच्यावर कुटुंबे कर्ज काढतात.

१९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांनी हृदयधमन्यांचे थेट चित्र घेण्याचे तंत्र रूढ केले आणि आजवर अदृश्य असलेली नळी डोळ्यांना दिसू लागली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने ती नळी रुंद करून दाखवली. त्यानंतर दिसणे आणि उघडणे यांची सांगड इतकी घट्ट झाली की, उघडल्याने आयुष्य वाढते का, हा प्रश्न बराच काळ मागे राहिला. तो २००७ च्या 'करेज' अभ्यासाने पुढे आणला. स्थिर स्वरूपाच्या धमनीविकाराच्या २,२८७ रुग्णांत, उत्तम औषधोपचारांना अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात भारतासह अनेक देशांतील ५,१७९ रुग्ण होते. तेथेही या बाबतीत चित्र फारसे बदलले नाही. कारण असे की, झटका पुष्कळदा सर्वांत अरुंद जागी येत नाही. मध्यमसा दिसणारा चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि रक्तप्रवाह थांबतो. नळाच्या प्रतिमेत 'फुटणे' बसत नाही. म्हणून ते सामान्य माणसाच्या बोलण्यातही नाही. प्रत्यक्ष झटका आलेला असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी प्राण वाचवते, याबद्दल मात्र दुमत नाही. वरील दोन्ही अभ्यास त्या प्रसंगाविषयी नाहीत. हा भेद मराठी वृत्तपत्रांतील आरोग्यसदरांत क्वचितच नीट मांडला जातो.

२०१७ चा 'ऑर्बिटा' अभ्यास तर वाङ्मयीन समीक्षकालाही विचार करावयास लावणारा आहे. २०० रुग्णांपैकी १०५ जणांना खरी अँजिओप्लास्टी केली, ९५ जणांना तिचा केवळ आभास दिला. कोणाला काय केले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते आणि चालण्याच्या चाचणीतील फरक होता अवघा साडेसोळा सेकंदांचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखलपात्र नसलेला. पुढे २०२३ मध्ये त्याच संशोधकांनी वेदनाशामक हृदयऔषधे बंद ठेवून ३०१ रुग्णांत पुन्हा अभ्यास केला, तेव्हा खऱ्या अँजिओप्लास्टीने छातीतले दुखणे आभासी उपचारापेक्षा स्पष्टपणे कमी झाले. आपल्याच निष्कर्षाला आपणच पुन्हा प्रश्न विचारणे, ही संशोधनाची शिस्त आत्मकथनाला परवडत नाही. आत्मकथन एकदाच लिहिले जाते.

या प्रश्नाचा एक मुंबईतील पूर्वज आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव १६ फेब्रुवारी १९६८ च्या हृदयप्रत्यारोपणाच्या प्रयत्नासाठी घेतले जाते. त्याआधी १९६५ मध्ये त्यांनी एक विलक्षण कल्पना प्रसिद्ध केली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या पोकळीतून मिळते. मग मानवी स्नायूला सुयांनी सूक्ष्म छिद्रे पाडली तर तेथूनही रक्त झिरपेल काय? पुढे पाश्चात्त्य देशांत सुईची जागा लेझरने घेतली, रुग्णांना आराम पडल्याचे अहवाल आले आणि नळीवाटे केलेल्या लेझर उपचारांची आभासी उपचाराशी तुलना झाली तेव्हा तो आराम मुख्यतः विश्वासाचा असल्याचे दिसले. साधनांच्या तुटवड्यातही सेन यांनी असा मूलगामी प्रश्न विचारला, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण त्यांच्यावर मराठीत लिहिले जाते ते प्रत्यारोपणाचे. सुयांची गोष्ट बाजूला राहते. यशाच्या जवळ जाऊन हुकलेली कथा आपल्याला रुचते, चुकलेली कल्पना रुचत नाही.

या धाग्यात डॉ. अलका मांडके यांनी हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांच्यावर लिहिलेल्या 'हृदयस्थ' या पुस्तकाचाही उल्लेख आवश्यक आहे. हजारो हृदये हाताळलेला हा शल्यविशारद २००३ मध्ये स्वतः हृदयविकाराच्या झटक्याने गेला. अंधेरीत त्याने मांडलेला भव्य रुग्णालयाचा संकल्प त्याच्या पश्चात वेगळ्या व्यवस्थापनाखाली पूर्ण झाला. येथेही केंद्रस्थानी धमनी, शहर आणि एक कर्तबगार पुरुष आहे.

झडपेला लेखक का मिळाला नाही?

'झडप' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दाराची, दुसरी घारीची. संधिवातजन्य हृदयरोगात दुसरा अर्थ अधिक खरा ठरतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, काही आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजतात आणि आपोआप बरे होतात. घसादुखी करणाऱ्या जंतूविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती मात्र स्वतःच्याच झडपांवर उलटते. पुनःपुन्हा ताप आला की द्विदली झडपेच्या कडा चिकटत जातात. दहा-पंधरा वर्षांनी त्याच मुलीला पहिल्या बाळंतपणात धाप लागते, कारण गर्भारपणात वाढलेले रक्त त्या अरुंद दारातून जात नाही. अनेकींना आपल्याला हृदयरोग आहे हे तेव्हाच प्रथम समजते.

या आजाराला 'मलाच का झाला' असे विचारले तर उत्तरात आहार, ताण किंवा जीवनशैली येत नाही. येते ती दाटीची एकखोली वस्ती, घसादुखीकडे झालेले दुर्लक्ष आणि वेळेवर न मिळालेले पेनिसिलिन. श्रीमंत देशांतून हा आजार ओसरला तो मुख्यतः घरे आणि दवाखाने सुधारल्यामुळे. आत्मपरीक्षणाचा घाट येथे निरुपयोगी आहे. ज्या रोगात रुग्णाचा दोष नाही, त्यात पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप नाही म्हणून साक्षात्कारही नाही. धमनीविकाराचे आत्मकथन मराठी वाचकाला जवळचे वाटले ते त्यात बदलता येण्याजोगा 'मी' होता म्हणून. झडपेच्या रोगात बदलावी लागते ती खोली, शाळा आणि आरोग्यकेंद्र.

वाचकप्रिय झालेल्या मराठी पुस्तकांत झडपेच्या रुग्णाने लिहिलेले पुस्तक शोधून सापडत नाही. आणि हे ज्या भूमीत घडते तिला कष्टकरी बाईच्या शब्दांची परंपरा नाही, असेही म्हणता येत नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने दळण, कांडण, झाडलोट यांसह स्वतःला अभंगांत आणले. तिच्या ओळी टिकल्या त्या तिच्याभोवती ऐकणारा संतमेळा होता म्हणून. आजच्या धाप लागणाऱ्या बाईभोवती तसा मेळा नाही. तिच्या हातात असतो इंग्रजीत लिहिलेला सोनोग्राफीसारखा दिसणारा इको-अहवाल आणि 'पोरीच्या काळजाची झडप खराब आहे' हे एक वाक्य.

संशोधनाची स्थितीही विषम आहे, जरी पूर्णतः मौनाची नाही. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळकरी मुलांच्या अभ्यासाने निदानाचा पायाच हलवला. स्टेथोस्कोपने तपासल्यावर कंबोडियात दर हजारी सुमारे २.२ मुलांत रोग सापडला; इकोने पाहिल्यावर तो आकडा २१.५ झाला. मोझांबिकमध्ये २.३ चे ३०.४ झाले. कानाला जे ऐकू येत नाही ते डोळ्याला दहापटीने दिसले. २०२२ मध्ये युगांडातील ८१८ मुलांच्या अभ्यासाने पुढचा प्रश्न सोडवला. इकोवर दिसणारा पण त्रास न देणारा प्रारंभिक रोग असलेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा दोन वर्षांत रोग वाढला तो ०.८ टक्के मुलांत. इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८.२ टक्के मुलांत. हृदयरोगाच्या क्षेत्रात एका जुन्या, स्वस्त औषधाने इतका लख्ख फरक दाखवल्याची उदाहरणे थोडी आहेत. या अभ्यासाचा गाजावाजा मात्र स्टेंटच्या एखाद्या नव्या लेपाइतकाही मराठीत झाला नाही.

दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे. परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या वेळापत्रकाची कल्पना करून पाहावी. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लेकरे बरोबर असतात. म्हणजे वर्षातील पाच-सहा इंजेक्शने अशा गावी पडतात जेथे त्या मुलाचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. युगांडाचा प्रयोग यशस्वी झाला तो मुलांचा पाठपुरावा चिकाटीने झाल्यामुळे. कारखान्याच्या थळावर, कोप्यांच्या वस्तीत तो कोणी करावा, याचे उत्तर केवळ वैद्यकाकडे नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषा शिकवणाऱ्या विभागांसाठी हे हाताशी असलेले, जिल्ह्याच्या बाहेर न जाता करता येण्याजोगे संशोधन आहे.

शासनाच्या पातळीवर चौकट अस्तित्वात आहे, हे नमूद करावयास हवे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतील तपासणीच्या यादीत संधिवातजन्य हृदयरोगाचे नाव आहे. शस्त्रक्रियेसाठी २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढल्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घालण्यात आली. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२३ मध्ये सुरू झाले. परंतु यादीत नाव असणे आणि शाळेच्या गोंगाटात द्विदली झडपेचा मंद आवाज कानी पडणे, यांत अंतर आहे. कंबोडियाचे आकडे तेच सांगतात.

झडप बदलल्यानंतरचे आयुष्य हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्रमाण कमी झाले तर झडपेवर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी रक्ताची 'आयएनआर' तपासणी. मेथी, पालक एकदम जास्त खाल्ली तरी आकडा हलतो. म्हणजे श्रावणात रान हिरवे झाले की हिशेब बदलतो. गर्भारपणात हीच गोळी बाळाला अपायकारक ठरू शकते. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांनी ही कटकट संपेल, अशी आशा होती. ती २०१३ मध्ये धातूच्या झडपांपुरती मावळली, कारण तो अभ्यास रुग्णांना अपाय होऊ लागल्याने मध्येच थांबवावा लागला. २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात संधिवातजन्य हृदयरोग आणि अनियमित ठोके असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांत जुनी गोळीच सरस ठरली. याचा अर्थ परभणीच्या एखाद्या तांड्यावरील बाईने पुढेही नियमाने प्रयोगशाळेत जात राहावयाचे आहे.

हृदयशस्त्रक्रियेसाठी येथील रुग्ण दीर्घकाळ नांदेड, औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), हैदराबाद वा मुंबई गाठत आला आहे. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील परभणी जंक्शन हे या अर्थाने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेचाच एक भाग आहे. झडप बदलून परतणाऱ्या बाईजवळ एक छोटी वही दिलेली असते. तीत तारीख, आयएनआरचा आकडा आणि गोळीची मात्रा असे तीन रकाने असतात. काही वह्यांत चौथा रकाना असतो, 'शेरा'. शेतीचा हंगाम, माहेरचे लग्न, बुडालेली मजुरी, मिळाली नाही ती एसटी, यांपैकी कशामुळे तारीख चुकली ते तेथे लिहिता आले असते. बहुधा तो रकाना कोरा असतो; आणि ज्या पृष्ठांवर तो भरलेला आहे, ती अजून कोणी वाचलेली नाहीत.